नडगीचं चिलखत : प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२४
पत्रा आला. १ मिमी जाडीचा, साधा लोखंडी, दोन फूट बाय एक फूट. एवढ्यात दोन नडग्या झाकायच्या आहेत.

जपानमधल्या ओदावारात दर ३ मेला होजो या सामुराई घराण्याच्या पाच पिढ्यांची मिरवणूक निघते, चिलखतं घालून. १५९०मध्ये सेनापती हिदेयोशीने वेढा घालून त्यांची सत्ता संपवली, पण त्या दिवशी गावात फिरताना हे खरं वाटत नाही. मिरवणुकीत चालणाऱ्या आमच्या मंडळात बहुतेक जण पुठ्ठ्याची नाहीतर प्लास्टिकच्या पत्र्याची चिलखतं करतात. रंग नीट दिला की दहा फुटांवरून ओळखू येत नाहीत. गेल्या वर्षी मीही तशीच चालले. छाती टिकली, खांदे टिकले, पण पायांवरचा पुठ्ठा घामाने भिजून घोट्यापाशी दुमडला आणि शेवटचा अर्धा किलोमीटर मी एका हाताने पाय धरून चालत होते. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी बाकी काहीही असो, पाय लोखंडाचे.

पायाच्या चिलखताचे मुख्य भाग दोन. मांडीवर एप्रनसारखं लोंबतं ते हाइदाते, नडगीवर बांधतात ते सुनेआते. यंदा फक्त सुनेआते. एकाच वेळी दोन्ही करायला घेतलेले मंडळातले दोन जण मला माहीत आहेत, दोघांच्याही माळ्यावर अर्धवट हाइदाते आहेत.

२१ सप्टेंबर
ओदावारा किल्ल्याच्या तोकिवागी दरवाज्यात वरच्या मजल्यावर चिलखतं मांडलेली आहेत. लोक शिरस्त्राणांचे फोटो काढत होते. मी जमिनीवर बसून पाय बघत होते. रखवालदार दोनदा येऊन गेला.

नळकांड्यासारखे, तीन रुंद पत्रे बिजागरीने जोडलेले, ते त्सुत्सु सुनेआते. ते मला जमणार नाहीत. रुंद पत्रा पायाच्या आकाराला वळवणं म्हणजे खऱ्या लोहाराचं काम. दुसरा प्रकार शिनो सुनेआते : अरुंद उभ्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये कड्यांची जाळी आणि मागे कापड. यात पट्टी एकाच दिशेने वाकवायची असते, पायाची बाकीची गोलाई जाळी सांभाळते. हेच करायचं.

पोटरी मात्र दोन्ही प्रकारांत उघडी. मागून फक्त दोऱ्या.

२८ सप्टेंबर
सेन्सेईंकडे गेले. (मंडळातले सगळ्यांत जुने सभासद, वय ७९. पूर्वी घोड्यांची खोगिरं दुरुस्त करायचे.) माझं चित्र त्यांनी चष्मा न लावता पाहिलं. पाच पट्ट्या, पाचही सारख्याच लांब. म्हणाले, "यात घोडा कुठे आहे?"

मला वाटलं थट्टा करताहेत. मग त्यांनी माझ्या चित्रावर आतल्या बाजूच्या दोन पट्ट्या पेन्सिलीने अर्ध्यात कापल्या आणि खालच्या रिकाम्या जागेवर नुसतं तिरकं रेघाटलं. तिथे कातडं. त्या कातड्याला आबुमीझुरी म्हणतात. आबुमी म्हणजे रिकीब, झुरी म्हणजे घासणं. स्वाराच्या पायाची आतली बाजू रिकिबीला आणि घोड्याच्या कुशीला घासते. तिथे लोखंड ठेवलं तर घोडा सोलवटतो, पकडही जाते. आणि एवीतेवी त्या बाजूला घोडाच आडवा असतो, मग वार लागणार कुठून?

म्हणजे लोखंड कुठे नाही हे आधी ठरवायचं, उरलेल्या जागेत चिलखत करायचं. दोन आठवडे मी उलटीकडून विचार करत होते.

५ ऑक्टोबर
नवीन माप. प्रत्येक पायाला तीन लांब पट्ट्या २२ सेमीच्या, दोन आखूड ११ सेमीच्या. रुंदी २.८ सेमी. हे माझ्या पायाचं माप आहे, कुणी जसंच्या तसं उचलू नये. गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटं सोडून घोट्याच्या हाडावर दोन बोटांपर्यंत मोजायचं, आणि तेही बसून नव्हे, उभं राहून पाय किंचित वाकवून.

१९ ऑक्टोबर
कापणं आणि कानस, दोन शनिवार. सांगण्यासारखं काही नाही.

२ नोव्हेंबर
ठोकाठोकी. प्रत्येक पट्टीच्या मधोमध उभा उंचवटा हवा. तो दिसायला छान असतोच, पण खरं काम ताकदीचं : सपाट पट्टी हाताने वाकते, मधे कणा काढला की वाकत नाही. लाकडाच्या ओंडक्यात चर पाडला, पट्टी त्यावर पालथी ठेवली आणि बोथट छिन्नीने मागून मारत गेले. पहिल्या दोन पट्ट्या केळीच्या सालीसारख्या वळल्या. मग कळलं की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जायचं नाही. मधून सुरू करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जायचं, आणि दर फेरीनंतर पट्टी सपाट करून घ्यायची.

शेजारच्या आजी विचारायला आल्या, सगळं ठीक आहे ना. आता फक्त शनिवारी, दहा ते बारा.

२३ नोव्हेंबर
भोकं. पट्ट्यांच्या कडांना दर सेंटिमीटरला एक, जाळी अडकवायला. एका पायाला १३२, दोन्ही मिळून २६४. ड्रिलची तीन पाती मोडली. प्रत्येक भोकाची कड दोन्ही बाजूंनी घासावी लागते, नाहीतर कडी हलताना चिरते आणि खालचं कापडही.

७ डिसेंबर
कड्या. आपल्याकडच्या संग्रहालयांतल्या जिरेटोपांना किंवा चिलखतांना जी जाळी दिसते त्यात सगळ्या कड्या सारख्या, प्रत्येक कडी चार कड्यांत अडकलेली आणि बहुधा रिबिट मारलेली. जपानी जाळीचा नेहमीचा प्रकार वेगळा आहे. गोल कड्या कापडावर आडव्या पडलेल्या असतात आणि लांबट कड्या त्यांना उभ्याने जोडतात. प्रत्येक गोल कडीला चार लांबट. टोकांना रिबिट नाही, नुसती टोकाला टोक भिडवलेली. युरोपी पद्धतीची जाळीही नंतर तिथे पोहोचली, तिला ते 'नानबान' म्हणजे दक्षिणेकडच्या परक्यांची जाळी म्हणतात.

रिबिट नाही म्हणजे कमजोर, असं मलाही वाटलं होतं. पण ही जाळी एकटी नसते. ती कापडाला शिवलेली असते, आणि वार झेलायचं मुख्य काम पट्टीचं. जाळीने फक्त फट बुजवायची आणि पाय वळू द्यायचा.

हिशेब : एका पायाला १३२ गोल आणि ३२२ लांबट. दोन्ही मिळून ९०८. तार १.२ मिमीची. गोल कड्यांसाठी गोल सळईवर, लांबट कड्यांसाठी चपट्या सळईवर गुंडाळायची आणि कापायची.

२९ डिसेंबर
नाताळाच्या सुट्टीत रोज तीन तास. अंगठ्याच्या पेराला घट्टा पडला आहे. नवरा जेवताना म्हणाला की झोपेतही माझी बोटं चिमटा पकडल्यासारखी हलतात.

डावा पाय पूर्ण.

११ जानेवारी २०२५
उजवा पाय पूर्ण. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडले, फोटो काढला, आईला पाठवला. आईचा साताऱ्याहून फोन : "छान झालंय गं. पण दोन्ही एकाच पायाचे का?"

दोन्ही डावे.

फोटो मोठा करून पाहिला. दोन्हीत आखूड पट्ट्या उजवीकडे. म्हणजे उजव्या पायावर बांधला तर कातड्याची जागा बाहेर आणि लोखंड घोड्याकडे. डावा समोर ठेवून त्याच्याकडे बघत बघत दुसरा केला, तो तसाच होणार. आरशात बघून करायला हवा होता. रात्री फार वेळ कुणाशी बोलले नाही.

१८ जानेवारी
दुरुस्ती वाटली होती त्यापेक्षा सोपी. आखूड पट्ट्यांची जोडी एका बाजूने सोडवली, म्हणजे ११ ओळी उकलल्या, आणि पलीकडच्या लांब पट्टीला जोडली. त्यासाठी त्या लांब पट्टीच्या मोकळ्या कडेला ११ आणि आखूड पट्टीच्या मोकळ्या कडेला ११ नवी भोकं. जुनी २२ भोकं रिकामी राहिली. सेन्सेई म्हणाले, बुजवू नकोस, कापडाला टाके घालायला कामी येतील. त्यामुळे आता उजवा पाय डाव्यापेक्षा पक्का शिवला जाणार आहे.

१ फेब्रुवारी
उरुशी, म्हणजे जपानी लाखरंग. खरं सांगायचं तर मंडळातले हुशार लोक 'काश्यू' वापरतात. हा रंग काजूच्या टरफलाच्या तेलापासून करतात, दिसायला उरुशीसारखाच आणि सुकवायला सोपा. मला खरा लाखरंग हवा होता, हट्ट म्हणून. (आपली लाख किड्याची असते. उरुशी झाडाचा चीक आहे, दोन्हींचा संबंध नाही. पण दुसरा शब्द नाही.) हे झाड दहा ते पंधरा वर्षांचं झालं की सालीला चिरा पाडून चीक काढतात. एका झाडातून हंगामात मिळतो जेमतेम २०० मिली, आणि त्यानंतर झाड तोडतात. इवाते प्रांतातल्या जोबोजीचा चीक नावाजलेला. माझी ट्यूब चिनी आहे.

लोखंडावर उरुशी नुसती धरत नाही. म्हणून पहिला हात भाजून बसवतात. कच्ची उरुशी चिंधीने अगदी पातळ पुसली, जाळीच्या कड्यांतूनही फिरवली आणि जुन्या ओव्हनमध्ये साधारण १५० अंशांना भाजली, ओव्हन गच्चीत ठेवून. दर थोड्या वेळाने बाहेर काढून जाळी हलवायची, नाहीतर कड्या एकमेकींना चिकटून बसतात. लोखंड आधी तपकिरी झालं, मग काळं.

४ फेब्रुवारी
डावं मनगट सुजलं. बारीक फोड, रात्रभर खाज. हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये बोटभर जागा उघडी राहिली होती.

आईला व्हिडिओवर दाखवलं. बघताक्षणी म्हणाली, "अगं, हा तर बिब्बा उतलाय." मी म्हटलं, इथे कुठला बिब्बा? पण तिचं बरोबर निघालं. उरुशीचं झाड, बिब्बा, काजू आणि आंबा, सगळे एकाच कुळातले. उरुशीच्या चिकात जे अंगावर उततं, त्याचं सख्खं भावंड बिब्ब्याच्या तेलात आहे. धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खूण करायचे ती धुऊन जात नसे, तसाच हाही रंग जात नाही. डॉक्टरने मलम दिलं. आई म्हणाली खोबरेल लाव. दोन्ही लावलं.

१५ फेब्रुवारी
मनगट बरं. आता बाहीवर चिकटपट्टी.

उरुशी 'वाळते' म्हणणं चूक आहे. तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) हवेतल्या ओलाव्याच्या मदतीने ती घट्ट करतं. ७० ते ८० टक्के आर्द्रता आणि २० ते ३० अंश तापमान लागतं. इकडे फेब्रुवारीत हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. म्हणून लाकडी खोक्यात ओले टॉवेल, खाली गरम पाण्याची बाटली. अशा खोक्याला इथे 'फुरो' म्हणतात. घरातल्या आंघोळीच्या टबालाही तेच नाव. मी रोज संध्याकाळी नवऱ्याला सांगते की आधी चिलखताची आंघोळ, मग आपली.

फक्त पट्ट्यांवर : दगडाची बारीक पूड, पाणी आणि कच्ची उरुशी यांच्या लेपाचे दोन थर, प्रत्येक थर घासून सपाट. हातोडीचे खड्डे त्यात जातात. अर्थात माझे सगळे गेले नाहीत.

९ मार्च
काळ्याचे तीन हात. ब्रश माणसाच्या केसांचा असतो, पेन्सिलीतल्या शिशासारखे केस लाकडाच्या आरपार भरलेले. झिजला की पुढून तासायचा. तिसऱ्या हातावर धुळीचे दोन कण बसले. कोळशाने घासून आरसा करण्याची एक रीत आहे. त्यासाठी जो धीर लागतो तो जानेवारीत संपला. ब्रशचाच हात शेवटचा ठेवला.

'ई' नावाच्या सामुराई घराण्याच्या सगळ्या सैन्याची चिलखतं लाल असायची, हिकोनेच्या संग्रहालयात ती आहेत. ती पाहिल्यापासून लाल करायचा मोह होता. पण पायाला चिखल लागतो, आणि काळ्यावर चूक कमी दिसते.

१६ मार्च
कापडकाम. याला इतका वेळ लागेल हे कुणी सांगितलं नव्हतं. वर निळीत रंगवलेलं अंबाडीसारखं जाडंभरडं कापड, मधे आणखी एक थर, आत सुती अस्तर. लोखंड म्हणजे वरचा दागिना, पायाला मिठी मारतं ते कापड.

गुडघ्यावर उभा राहणारा भाग तातेआगे. त्यात षटकोनी तुकडे दोन कापडांच्या मधे घालून शिवतात, त्यांना किक्को म्हणजे कासवाची पाठ म्हणतात. माझे कच्च्या चामड्याचे, एका गुडघ्यावर ५, ६, ५ अशा तीन ओळींत १६. प्रत्येकाला मधे चार भोकं, आणि त्यांतून वर फुली दिसेल असा टाका. ३२ तुकडे, १२८ भोकं. कापडाखालचं भोक सुईने चाचपडत शोधायचं.

आईला दाखवलं तर म्हणाली, ही वाकळच आहे की. दोन फडक्यांमध्ये चिंध्या नाहीत, चामडं आहे, एवढंच. तिने सांगितलं की तुकडे एकेक करून पक्के करू नकोस, आधी ओळींच्या मधून कच्चा धावदोरा घाल, म्हणजे ते सरकणार नाहीत. मागे घडी पडली नाही. जपानी पुस्तकातल्या आकृतीवर मी तीन संध्याकाळी घालवल्या होत्या.

२९ मार्च
सजावट. गोटासाठी आणि आबुमीझुरीसाठी हरणाचं धुरी दिलेलं कातडं मिळालं, पिवळट तपकिरी, हाताला मऊ. चिलखतांवरच्या छापील कातड्यांत सिंह आणि पिओनीच्या फुलांचा एक नमुना फार जुना आहे, त्यावर शोहेई ६ (जपानी कालगणनेतलं वर्ष), म्हणजे १३५१ अशी तारीखच छापलेली असते. ते माझ्या आवाक्याबाहेरचं. मी कोफू शहरातल्या इनदेन या कलेची वाट धरली. इनदेनमध्ये हरणाच्या कातड्यावर कागदी साच्यातून उरुशीने नक्षी उमटवतात. हे नाव 'इंडिया'वरून आलं असं तिथे सांगतात, हरणाच्या कातड्याच्या वस्तू जहाजांतून यायच्या म्हणून.

नक्षी निवडली चतुराची. चतुर पुढेच उडतो, मागे फिरत नाही असं मानतात, म्हणून योद्ध्यांचा लाडका. त्याला 'जिंकणारा किडा' म्हणतात. पर्सिमनच्या रसात भिजवलेला कागद कापला. कातड्यावर ठेवला. लाकडी पात्याने उरुशी ओढली. पहिल्या प्रयत्नात उरुशी साच्याखाली शिरली आणि चतुराचं झुरळ झालं. पाचव्या प्रयत्नात बरा.

तातेआगेच्या वरच्या गोटावर रांगेने आठ चतुर. मग डाव्या पायाच्या आबुमीझुरीवरही एक छापायला घेतला. सेन्सेई म्हणाले, "तो कोण बघणार?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "घोडा."

छापला.

१३ एप्रिल
सगळं जोडून झालं. जाळीतून कापडाला टाके, मेण लावलेला दोरा. एका पायाचं वजन ४३० ग्रॅम.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा मी दोन्ही सुनेआते डोक्याला बांधून आरशासमोर उभी होते. त्याने दार परत लावून घेतलं. त्याला समजावलं ते इथेही लिहून ठेवते. १२८१च्या मंगोल स्वारीत हिगो प्रांतातला योद्धा ताकेझाकी सुएनागा घाईने दुसऱ्याच्या नावेत चढला. त्याचं शिरस्त्राण मागे राहिलेल्या सेवकाकडे. मग त्याने पायाचे सुनेआते सोडले, एकत्र बांधले आणि डोक्यावर चढवले. पराक्रम विसरला जाऊ नये म्हणून त्याने पुढे चित्रांची गुंडाळी करवून घेतली, तीत हा प्रसंग आहे. मला बघायचं होतं की हे जमतं का.

जमतं. कानांवर बसतं, वरून टाळू उघडी. नवरा म्हणाला, उघडी पोटरी, उघडी टाळू, तुमच्या लोकांना मागचं-वरचं काही पडलेलंच नाही.

३ मे
मिरवणूक. आधी क्याहान म्हणजे कापडी पट्टा नडगीला, पायात वाराजी म्हणजे गवती चपला, मग सुनेआते, आधी डावा. वाराजी नंतर घालायचा प्रयत्न करू नये, वाकता येत नाही. पहिल्या तासात वरची दोरी दोनदा सैल झाली. कारण साधं : बसून बांधली होती. उभं राहून पुन्हा बांधली, मग शेवटपर्यंत हलली नाही.

उन्हात काळं लोखंड तापतं, पण कापडामुळे पायाला कळत नाही. कड्यांचा आवाज येतो, अगदी हलका, तांदूळ निवडताना सुपाचा येतो तसा. एका लहान मुलाने माझ्या नडगीवर टिचकी मारून पाहिली आणि बापाला म्हणाला, "खरं आहे!" शेजारच्या पुठ्ठ्याच्या चिलखतातल्या गृहस्थांनी त्याला स्वतःजवळ येऊ दिलं नाही.

नुकसान : उजव्या पायाच्या खालच्या टोकाला दोन टाके तुटले, एका पट्टीच्या कोपऱ्याचा रंग उडाला. पुढच्या वेळी पट्टीचे खालचे कोपरे जास्त गोल करायचे.

१८ मे
सेन्सेईंच्या ओळखीने एका घोड्यावर बसले. खोगीर आजच्या पद्धतीचं, जुनी जपानी रिकीब वेगळी असते. मैदानात अर्धा तास, चालत आणि थोडं दुडक्या चालीने. घोड्याच्या कुशीवर ओरखडा नाही, मालकाने दोनदा हात फिरवून पाहिलं.

घरी येऊन कातडं तपासलं. रिकिबीचा पट्टा घासला ती जागा सेन्सेईंनी पेन्सिलीने रेघाटली होती तिथेच, घोट्याच्या चार बोटं वर. डाव्या चतुराचा मागचा एक पंख पुसट झाला आहे.